स्ट्रॅप, हुक ग्रिप आणि वॉर्डातले हात : लालबागच्या एका व्यायामशाळेतलं प्रकरण

डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा रॉड उचलून सरळ उभं राहणं. त्याला स्ट्रॅप, म्हणजे मनगटाला बांधून रॉडभोवती गुंडाळायचे पट्टे, वापरावेत की नाही, यावर आमच्या व्यायामशाळेत सरळ दोन तट आहेत. एका तटाला स्ट्रॅप म्हणजे लबाडी वाटते. दुसऱ्या तटातली मंडळी रॉडवर प्लेटा चढायच्या आधीच मनगटाला पट्टे बांधून उभी असतात. खाली एका लिफ्टरची जून ते नोव्हेंबर या काळातली हकिगत आहे: कुठे काय ठरवावं लागलं, कशामुळे ठरवलं आणि पुढे काय झालं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

जिममध्ये सगळे त्यांना ‘सिस्टर’ म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव. वय तिशीच्या आत-बाहेर, वजन ६१-६२ किलो, परळच्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स. पाळ्या तिन्ही. रात्रपाळी संपवून सकाळी थेट व्यायामाला येणारी बाई आमच्याकडे ही एकच.

चिंचपोकळी स्टेशनपासून चालत येण्याजोग्या अंतरावर, मंडळाच्या इमारतीच्या तळमजल्यावर आमची व्यायामशाळा आहे. एसी नाही, पंखे आहेत, आणि जून उजाडला की भिंतींनाही घाम फुटतो. जड डेडलिफ्टसाठी तेव्हा एकच रॉड होता. जुना, जाड, आणि हात धरायच्या जागी खाचा झिजून गुळगुळीत झालेला.

सिस्टरांनी स्ट्रॅप घेतले ते मिरवायला नाही. सुरुवातीच्या काळात तळहातावरचा घट्टा सोलला गेला आणि आतलं लाल मांस दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी ड्युटी. वॉर्डात प्रत्येक रुग्णाच्या आधी आणि नंतर हात हॅण्डरबने चोळायचे, त्यात अल्कोहोल, म्हणजे नुसती आग. पण आगीपेक्षा मोठा प्रश्न संसर्गाचा होता. उघडी जखम घेऊन रुग्णाला हात लावणं त्यालाही धोक्याचं आणि नर्सलाही. त्यांनी दोन-तीनशे रुपयांचे सुती स्ट्रॅप आणले, हात वाचले, आणि त्या वेळी तो निर्णय बरोबरच होता. ‘स्ट्रॅप म्हणजे लबाडी’ म्हणणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. तळहात सोलला तर बँकेतल्या माणसाची फार तर गैरसोय होते. नर्सची ड्युटीच अडते.

मात्र स्ट्रॅप हळूहळू खालच्या वजनांपर्यंत उतरले. आधी फक्त सगळ्यात जड सेटला, मग त्याआधीच्या सेटला, आणि जूनपर्यंत ६० किलोच्या वॉर्म-अपलाही. स्ट्रॅप लावून त्या १३० किलोची एक रेप, म्हणजे एक उचल, काढत होत्या. त्यांच्या वजनाच्या दुपटीपेक्षा जास्त, म्हणजे चांगलीच ताकद.

अडचण

जूनमध्ये त्यांनी ठरवलं की नोव्हेंबरची जिल्हा पॉवरलिफ्टिंग (स्क्वॉट, बेंच आणि डेडलिफ्टची) स्पर्धा खेळायची, ६३ किलो वजनी गटात. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत स्ट्रॅप चालत नाहीत. बेल्ट चालतो, मनगटाला रॅप चालतात, हाताला चॉक (ओल शोषणारी भुकटी) चालतो, मांड्यांना टाल्कम पावडरही चालते, पण रॉड धरायचा तो नुसत्या हाताने. स्ट्राँगमनचा खेळ वेगळा. एडी हॉलने २०१६ मध्ये ५०० किलो आणि हाफथोर ब्योर्नसनने २०२० मध्ये ५०१ किलो उचलले ते स्ट्रॅप लावून, नियमात बसून. ऑलिम्पिक पद्धतीचे वेटलिफ्टर स्पर्धेत स्ट्रॅप लावत नाहीत, पण सरावात स्नॅच-पुलसारख्या व्यायामांना सर्रास लावतात. लबाडी कशाला म्हणायची, हे त्या त्या खेळाचा नियम ठरवतो.

पहिल्याच दिवशी आम्ही स्ट्रॅप बाजूला ठेवून नुसत्या हातांची चाचणी घेतली. दोन्ही पंजे वरून, चॉक नाही : ८० किलोवर तिसऱ्या रेपला रॉड बोटांच्या टोकांकडे घरंगळला आणि सुटला. चॉक लावून ९० ची एक रेप निघाली. म्हणजे पाठ आणि पाय १३० चे, हात ९० चे.

हा ४० किलोचा फरक बघून जिममधल्या पोरांनी लगेच निदान केलं, ‘सिस्टर, पकड कच्ची आहे.’ मला ते पटलं नाही. ज्या बाई वॉर्डबॉय येईपर्यंत एकट्या रुग्णाला कुशीवर वळवतात, त्यांच्या हातांत जोर नाही असं होत नाही. आमच्याकडे एक फिटर येतो. त्याने कारखान्यातून व्हर्नियर आणला आणि रॉड मोजला. ३२ मिलिमीटर निघाला. स्पर्धेचा रॉड २८ ते २९ मिलिमीटरचा असतो. तीन मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण घेर काढला तर ९१ मिलिमीटरचा १०० होतो. बोटांनी वळसा घालून जिथे पोचायचं, ती जागा जवळजवळ एक सेंटीमीटर लांब जाते. मोठ्या पंजाच्या माणसाला हे जाणवत नाही. सिस्टरांचा पंजा लहान. त्यांची बोटं अंगठ्यापर्यंत पोचायच्या आधीच संपत होती.

दुसरी गोष्ट व्हिडिओत दिसली. स्ट्रॅप लावून त्या रॉडला हिसका देत होत्या. स्ट्रॅप असला की हिसका खपून जातो, कारण हात उघडूच शकत नाही. नुसत्या हाताने तोच हिसका दिला की बोटं पहिल्या क्षणीच सैल होतात. शिवाय त्या स्ट्रॅपचे तीन-तीन वेढे घालत. आधीच जाड रॉड, त्यावर कापडाचे थर. वेढा एक, फार तर दीड पुरतो. पट्ट्याचं शेपूट अंगठा आणि तर्जनीच्या मधून काढायचं, रॉडच्या खालून घेऊन बोटांच्या उलट दिशेने गुंडाळायचं, कापड सपाट बसवायचं आणि रॉड जरासा फिरवून ताण घ्यायचा. त्या वाकलेल्या अवस्थेतच वेढे मोजत बसायच्या. दुसरा हात बांधून होईपर्यंत कंबर खाली गेलेली असे, श्वास सुटलेला असे, आणि नडगीने ढकललेला रॉड पायांपासून पुढे सरकलेला असे.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात सोपा पर्याय स्पर्धा न खेळण्याचा. तो सिस्टरांनी ऐकूनच घेतला नाही.

दुसरा पर्याय स्ट्रॅप फेकून देण्याचा. आमच्या एका जुन्या सभासदाचं हेच मत होतं, आणि ते वेडगळ नव्हतं. हात धरायला शिकतो तो धरूनच. पण मग पाच महिने पाठ आणि मांड्यांना हातांना झेपेल तेवढंच वजन मिळालं असतं. १३० च्या पाठीला ९० वर बसवून ठेवायचं, वर तळहात पुन्हा सोलले जाण्याची भीती होतीच.

तिसरा, उलटी-सुलटी पकड : एक पंजा वरून, एक खालून. दोन्ही हात रॉडला विरुद्ध दिशांनी अडवतात, म्हणून तो घरंगळत नाही. पॉवरलिफ्टिंगमध्ये निम्म्याहून जास्त लोक हीच पकड वापरताना मी बघतो. सिस्टरांनी त्याच दिवशी या पकडीने १०५ काढून दाखवले. म्हणजे काही न शिकता १५ किलो हातात! मोह होण्यासारखंच होतं. पण खालून धरलेल्या हाताचा कोपर त्या किंचित वाकवत होत्या आणि सांगूनही तो सरळ राहत नव्हता. कोपर वाकलेला असताना जड वजन ओढलं की बायसेपची कोपराजवळची कंडरा फाटू शकते. अशी उदाहरणं पुरुष लिफ्टरमध्येच जास्त दिसतात, तरी वाकलेल्या कोपराने शिकवणं मला मंजूर नव्हतं. शिवाय खालचा हात ज्या बाजूला, त्या बाजूचा खांदा त्या मागे टाकायच्या आणि रॉड एका मांडीवर घासायचा.

चौथा, हुक ग्रिप. अंगठा रॉडला चिकटवायचा आणि त्यावरून पहिली दोन बोटं दाबून घ्यायची, म्हणजे अंगठाच कुलूप होतो. पकड सममित राहते, कोपराचा प्रश्न मिटतो. पण ही पकड दुखते, आणि अंगठ्यावरून बोटं पुरेशी वर यावी लागतात. ३२ च्या रॉडवर सिस्टरांची बोटं अंगठ्याच्या नखापर्यंतही नीट येत नव्हती.

काय ठरलं, काय केलं

हुक ग्रिप घ्यायची, आणि स्ट्रॅप पूर्ण न सोडता त्यांचा दिवस वेगळा ठेवायचा, असं ठरलं. आठवड्यात दोनदा डेडलिफ्ट. एका दिवशी स्पर्धेसारखी : चॉक, हुक, स्ट्रॅपला हात नाही. दुसऱ्या दिवशी रोमानियन डेडलिफ्ट आणि वाकून रोइंग, तिथे स्ट्रॅप, वेढा एकच. पाठ आणि मांड्यांना काम द्यायचं असेल आणि हात आधी हार मानणार असतील तिथे स्ट्रॅप. हातांनाच काम द्यायचं असेल तिथे नाही. जाता जाता एक इशारा : आठच्या आकाराचे स्ट्रॅप मिळतात, त्यातून हात पटकन सुटत नाही. डेडलिफ्टला ते चालतील. पण रॉड खांद्यावर घ्यायच्या कुठल्याही व्यायामाला, क्लीनला विशेषतः, कुठलेच स्ट्रॅप नकोत. मागे पडताना हात अडकला तर मनगट जातं.

पण आधी रॉड हवा होता. मंडळाच्या खजिनदारांना ‘आहे की एक’ म्हणायची सवय. फिटरने त्यांच्यासमोर व्हर्नियर ठेवला, सभासदांनी वर्गणी काढली, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला २९ मिलिमीटरचा, नव्या कोऱ्या खाचांचा रॉड आला. त्या दिवशी सिस्टरांनी दोन्ही पंजे वरून ठेवून, चॉक लावून १०० काढले. हात तेच, रॉड बदललेला. पकडीचे महिनाभर व्यायाम करून जे मिळालं असतं, त्यातलं बरंचसं एका खरेदीत मिळालं. तुमच्या जिममध्ये ‘पकड कच्ची’ ठरलेला कुणी असेल, तर आधी रॉड मोजा.

हुक शिकायला मात्र पैशांचा उपयोग नव्हता. ६० किलोपासून सुरुवात. पहिल्या आठवड्यात सिस्टर म्हणाल्या, ‘सर, इंजेक्शन देताना पेशंटपेक्षा मलाच जास्त दुखतंय.’ सिरिंजचा दट्ट्या अंगठ्याने दाबायचा असतो, आणि अंगठा आदल्या दिवशी रॉडखाली चेपलेला. यातून एक निर्णय असा निघाला जो कुठल्याही तयार कार्यक्रमात सापडणार नाही : हुकचा दिवस वारावर नाही, रोस्टरवर. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी हुक, बाकी दिवशी नाही. ज्या आठवड्यात सुट्टी सरकली, त्या आठवड्यात हुकही सरकला. अंगठ्याला टेप लावला. स्पर्धेतही अंगठ्यावर दोन थरांपर्यंत चालतो. आंघोळीनंतर घट्टे वजरीने हलकेच घासून सपाट ठेवायचे, म्हणजे कड उभी राहत नाही आणि सोलपटत नाही. वजरी घरोघरी असते, पायांसाठी. हातांसाठी वेगळी घ्या, एवढंच.

हिसकाही गेला. रॉडला आधी हळू ताण द्यायचा, प्लेट आणि रॉडमधला खडखडाट संपलेला ऐकू आला की मगच पायांनी जमीन ढकलायची. स्ट्रॅप असताना हे सांगून सांगून तोंड दुखलं होतं. हुकने ते आपोआप शिकवलं, कारण हिसका दिला की अंगठा ओरडतो.

गणपतीतला निर्णय

लालबागला ज्याने गणपती बघितलेत, त्याला पुढचं सांगायला नको. मंडप उभा राहायला लागल्यापासून आमची जागा सामानाने भरते, आणि ते दहा दिवस तर चिंचपोकळी स्टेशनच्या जिन्यावरच अर्धा तास जातो. व्यायामशाळा बंद. सिस्टरांनी दादरच्या एका एसी जिममध्ये तेवढ्यापुरती फी भरली. रॉड चांगला होता, पण चॉकला बंदी. फरशी आणि एसी दोन्ही खराब होतात, हे त्यांचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. चॉकशिवाय हुक ९० च्या पुढे टिकत नव्हता.

हुक हलक्या वजनावर चालू ठेवायचा की जड वजन स्ट्रॅपने ओढायचं, यावर आमच्यात दोन मतं होती. जुन्या सभासदाचं म्हणणं, स्पर्धा दोन महिन्यांवर असताना स्ट्रॅपकडे परत जाणं म्हणजे केलेलं पुसणं. मी जड वजनाच्या बाजूने होतो, सिस्टरही. त्या काळात त्यांनी स्ट्रॅप लावून १३२.५ काढले. परत आल्यावर अंगठ्याची निबर झालेली कातडी मऊ पडली होती, आणि जिथे हुक सोडला होता तिथे परत पोचायला ऑक्टोबर उजाडला. जुने सभासद अजूनही म्हणतात की स्पर्धेतली तिसरी लिफ्ट तिथेच हरली. मला तसं वाटत नाही. ती हरण्याची कारणं पुढे आहेत.

स्पर्धा

स्पर्धेआधी हुकने काढलेलं सगळ्यात जास्त वजन होतं ११७.५. डेडलिफ्ट दिवसाच्या शेवटी असते. स्क्वॉट, बेंच, मधले लांबलचक थांबे आणि पंख्यांचा हॉल. तिथपर्यंत हात दमलेले आणि ओले.

पहिली १०५, सहज. दुसरी ११५, तिन्ही पंचांचे दिवे पांढरे, म्हणजे लिफ्ट मान्य. लिफ्ट संपल्यावर पुढचं वजन कळवायला एक मिनिट मिळतं. ११७.५ सांगायचं की १२०? क्रमांकाला त्याने काही फरक पडणार नव्हता, बेरीज दुसऱ्या लिफ्टनेच पक्की झाली होती. सिस्टर म्हणाल्या, ‘१२० लिहा.’ लिहिले.

१२० वर आले. गुडघे ताठ व्हायला जरा वेळ लागला, म्हणून मुख्य पंचांचा हात वरच राहिला. नियम असा की पंच हात खाली आणून ‘डाउन’ म्हणेपर्यंत रॉड धरून ठेवायचा आणि मग दोन्ही हातांच्या ताब्यात खाली न्यायचा. तेवढ्या एका क्षणात उजव्या हाताची बोटं अंगठ्यावरून सरकली, रॉड त्या बाजूने निसटला. तीन लाल.

वेगळं काय करता आलं असतं

व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिला. एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली होती, ती सिस्टरांनीच दाखवली. तिसऱ्या लिफ्टआधी त्यांनी मांड्यांना पावडर लावली ती उजव्या तळहाताने, आणि मग त्याच हाताला चॉक. चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, तो ओल शोषून पकड देतो. टाल्कम त्याच्या उलट, रॉड मांडीवरून सरकावा म्हणूनच लावतात. पावडरवर चॉक लावला की चॉक कातडीला धरतच नाही. पावडर सोबतच्या माणसाने लावायची, लिफ्टरने तिला शिवायचंच नाही. वॉर्डात स्वच्छ आणि अस्वच्छ हात वेगळे ठेवणाऱ्या बाईंना हे एका वाक्यात समजलं.

दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त महत्त्वाची. वर पोचून थांबायचा सराव आम्ही घेतला होता, शेवटच्या रेपला चार-पाच सेकंद धरून, आणि कुणीतरी ‘डाउन’ म्हणेपर्यंत. पण तो १०० किलोपर्यंतच. त्याच्या वर रॉड उचलला की लगेच खाली. स्ट्रॅपच्या दिवशी तर थांबायचा प्रश्नच नव्हता. ११० आणि ११५ वर दर पंधरवड्यात एकदा थांबवलं असतं, तर अंगठ्याला तो एक क्षण ओळखीचा असता. गणपतीतल्या स्ट्रॅपनी पाठीची ताकद टिकवली, आणि १२० वर आले ते त्या ताकदीमुळे. कमी पडलं ते वर थांबणं.

१२० ऐवजी ११७.५ घ्यायला हवे होते का? तिथे पावडर लागलेल्या हाताने ११७.५ सुद्धा टिकले असते असं मी छातीठोक सांगणार नाही. दुसरी लिफ्ट खात्यात जमा असताना तिसरीला हात मारायचा नसेल, तर मग कधी?

राहता राहिली उलटी-सुलटी पकड. कोपर सरळ ठेवायला दोन महिने घालवले असते तर ती बसलीही असती, आणि अंगठ्याचा छळ वाचला असता. ज्याला रोज सिरिंज धरायची नाही आणि ज्याचा कोपर सांगितल्यावर सरळ राहतो, त्याला मी आजही आधी तीच शिकवतो.

आत्ताची स्थिती

स्ट्रॅप सिस्टरांच्या पिशवीत आहेत आणि रोमानियन डेडलिफ्टच्या दिवशी बाहेर येतात. वॉर्म-अपला त्या ते आता लावत नाहीत. ६० किलोवर पट्टे गुंडाळणाऱ्या पोरांना सिस्टरच हटकतात. या सगळ्या काळात त्यांचा तळहात एकदाही सोलला गेला नाही. जुना रॉड आम्ही हिप थ्रस्टला ठेवलाय, तिथे त्याच्या जाडीचं कुणाला काही पडलेलं नाही. स्पर्धेनंतर एका सुट्टीच्या आदल्या दिवशी, पावडर न लावता, सिस्टरांनी १२० हुकने काढून ‘डाउन’ म्हणेपर्यंत धरले. पुढच्या स्पर्धेचा अर्ज भरायचा की नाही, हे रोस्टरवर रात्रपाळ्या किती येतात त्यावर आहे.